टोरीच्या तेलाची शिशी

आषाढ जवळ आला की आमच्या घराचा वास बदलायचा. एरवी घरात सारवलेल्या भुईचा, चुलीच्या धुराचा आणि शिजणाऱ्या कणीभाताचा वास असे. तो इतका रोजचा, की त्याला वास म्हणावं असं कोणाला वाटत नसे. पण ज्येष्ठात मोहाची फळं गळायला लागली की दोन घरं सोडून राहणाऱ्या तुळसाच्या अंगणातून टोरी फोडण्याचा आवाज सुरू व्हायचा. टोरी म्हणजे मोहाच्या फळातली बी. दगडावर बी, तिच्यावर दुसरा दगड, टच्च, टच्च, टच्च, सकाळपासून दुपार कलेपर्यंत. मी आतल्या खोलीत पुस्तक छातीवर उघडं टाकून पडलेली असायची आणि त्या आवाजावर माझे डोळे मिटत जायचे. अजूनही दुपारच्या वेळी कुठे कोणी काही ठोकत असलं की मला गुंगी येते. सून म्हणते, आई, तुमचं वय झालं आता. वय झालंच आहे, नाही कोण म्हणतं? पण ही गुंगी वयाची नाही, टोरीची आहे.

तुळसा माझ्या आईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान होती. नवरा रायपूरकडे विटाभट्टीवर गेला तो तिकडचाच झाला. एक पोरगी पदरात, शेत नाही, बैल नाही. उजाडायच्या आत ती जंगलात जायची आणि टोपलंभर टोरी घेऊन यायची. फोडायची, वाळवायची, आणि घाणीवर न्यायची. घाणी फिरून तेल निघेपर्यंत ती तेल्याच्या दारात बसून राहायची, पाणी प्यायलासुद्धा उठायची नाही, कारण उठलं की तेलात भेसळ होते असा तिचा पक्का समज होता. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणारी आमच्या मोहल्ल्यातली प्रत्येक बाई तिचंच तेल न्यायची. पिवळट, दाट, गारठा पडला की थिजणारं. वास असा की एकदा लुगड्याला लागला तर चार धुण्यांत जात नाही. पण धानाच्या बांधीत दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहायचं तर पायांना त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. पाण्याला ते आत शिरूच द्यायचं नाही. ज्यांनी रोवणा केला नाही त्यांना चिखल्या म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. बोटांमधली कातडी पांढरी पडते, फुगते, मग चिरते, आणि मग पाय टेकवला तरी डोळ्यांतून पाणी येतं.

दरवर्षी आई जायची. त्या वर्षी तलावाच्या पारीवरून घसरून तिचा पाय मोडला आणि तिच्या जागी मी गेले. मॅट्रिकचा निकाल लागला होता, मी पास झाले होते, मोहल्ल्यातली पहिली पोरगी, आणि माझं डोकं आभाळाला टेकलेलं होतं. आई खाटेवरून म्हणाली, "पास झालीस तं का झालं? रोवा तं लावता आला पायजे." मी तोंड फुगवून गाठोडं बांधलं. त्यात दोन लुगडी, एक कंगवा, आईने दिलेली हळकुंडं, चेहऱ्याला लावायला मुलतानी मातीची पुडी, आणि सगळ्यांच्या तेलाची एक मोठी हिरवी शिशी. शिशीच्या तोंडाला चिंधीचा बोळा होता. जथ्यात जी नवीन असेल तिने शिशी सांभाळायची, अशी रीत होती. जथ्याची मुखी होती देवका मावशी, माझ्या आईची मोठी बहीण, आमच्याच गावात दिलेली. तिने वैनगंगेपलीकडच्या एका मालकाच्या रोवण्याचा गुत्ता घेतला होता, म्हणजे त्याच्या सगळ्या बांध्या आम्ही बाराजणींनी पूर्ण करून द्यायच्या.

मागच्या महिन्यात माझी नात हिमाचलला फिरायला निघाली, तेव्हा तिने पलंगावर बोटाएवढ्या बाटल्यांची रांग मांडली होती. एकीत चेहऱ्याचं, एकीत हातांचं, एकीत टाचांचं. सगळं नैसर्गिक आहे आजी, प्रवासात स्किन खराब होते ना, म्हणून. मी एक उघडून हुंगली, तर गुलाबाचा वास आला. मी म्हटलं, छान आहे, आणि बंद करून ठेवली. तिने माझ्याकडे जरा बघितलं, कारण तिला माहीत आहे की मी इतक्या लवकर गप्प होणारी बाई नाही. गप्प झाले, कारण एका शिशीची गोष्ट मी आजवर घरात कोणालाच सांगितलेली नाही. पन्नास वर्षं झाली असतील. आता सांगून टाकते.

लाखनीला आम्ही भंडाऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढलो. बायका मागच्या बाकांवर आणि खाली गाठोड्यांवर बसल्या. मला मधे खिडकीजवळची जागा मिळाली, तुळसा माझ्या पुढच्या बाकावर. गाडी सुटता सुटता माझ्या वर्गातली माधुरी वडलांबरोबर चढली. इस्त्रीचा फ्रॉक, दोन वेण्या, रिबिनी. ती शहापूरला मामाकडे राहून कॉलेज करणार होती. मला बघून ती हसली आणि शेजारी येऊन बसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आम्ही मार्कांबद्दल बोलत होतो, खिडकीबाहेर ट्रक आणि धानाच्या रोपांचे हिरवे पऱ्हे मागे पळत होते, ढगातून मधेच ऊन पडत होतं, आणि मला वाटत होतं की मीसुद्धा कॉलेजलाच निघाले आहे. तेवढ्यात माधुरीने नाकाला रुमाल लावला. "कायचा वास येऊन राहिला वो?" ती म्हणाली. मी मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवला तर हात ओला लागला. बोळा सैल झाला होता आणि तेल झिरपून माझ्या लुगड्यापर्यंत आलं होतं.

मी पुढच्या बाकावरच्या तुळसाच्या पाठीकडे बोट केलं. हळूच, माधुरीलाच दिसेल एवढंच. "त्या बाईचा येते," मी म्हटलं. "तुझ्या ओळखीची आहे का?" माधुरीने विचारलं. "नाही," मी म्हटलं. "मी मावशीकडे चालली." माधुरी थोड्या वेळाने उठून वडलांजवळ जाऊन बसली. तुळसाने मागे वळून बघितलं नाही. तिला ऐकू गेलं की नाही ते मला कधी कळलं नाही, आणि विचारायची हिंमत मला पुढे कधी झाली नाही.

भंडाऱ्याला पवनीच्या गाडीला वेळ होता. बायका शेडखाली गाठोड्यांना टेकून पेंगत होत्या. मी लुगडं धुवायच्या निमित्ताने नळामागे गेले. राग कोणाचा होता? माधुरीचा नव्हता, तो त्या वासाचा होता. त्या वासाने माझं सगळं उघडं पाडलं होतं. मी बोळा काढला आणि शिशी वाकडी केली. दाट पिवळं तेल गवतावर पडलं, पडताना चमकलं. थोडंसं राहू दिलं, रंग आणि वास उरावा म्हणून. आईने वाटेत खायला दिलेले पैसे होते, त्यांचं मी समोरच्या दुकानातून गोडं तेल घेतलं, वरणाला फोडणी देतात ते, आणि शिशी भरली. हलवली. बघायला तशीच दिसत होती. मला खरंच वाटलं की तेल ते तेल, पायांना काय कळतंय. सोळा वर्षांच्या पोरीला पुस्तकातलं पुष्कळ येत असतं.

पवनीच्या पुढे आम्ही चालत गेलो आणि मग डोंग्यातून नदी ओलांडली. मालकाचं ते गाव आता नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं आणि त्याच्याखाली गेलं. माणसं दुसरीकडे सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहतीत राहतात. मी एकदा धरण बघायला गेले होते तेव्हा त्या पसरलेल्या पाण्याकडे बघत उभी राहिले, कुठे असेल ती बांधी, कुठे असेल आम्ही राहिलो ते कोठार, काही अंदाज लागेना. त्यामुळे असेल, पण त्या पंधरा दिवसांतलं सगळं मला पाण्याखालचं असल्यासारखंच आठवतं, हलणारं आणि आवाज नसलेलं. डोंगेवाला ढिवर उभा राहून बांबू रेटत होता. पाणी मातकट होतं आणि त्याच्यावर आभाळ. देवका मावशीने ओंजळभर पाणी घेऊन माझ्या कपाळाला लावलं. ती म्हणाली, "नवी नदी हाय, ओळख दे." पलीकडे काळी जमीन, झाडं विरळ. मोहाचं झाड तिकडे औषधालाही नव्हतं.

मालकाने राहायला धानाचं रिकामं कोठार दिलं होतं. पहिल्या संध्याकाळी भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तरोट्याची भाजी खाऊन झाली आणि उजेड होता तोवरच तेलाची बैठक बसली. हे मी पहिल्यांदा बघत होते. गरम पाण्याने पाय धुऊन बाराजणी गोल बसल्या, एकीचे पाय दुसरीच्या मांडीवर, दुसरीचे तिसरीच्या, अशा. आपल्या पायांना आपण तेल लावायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे. मावशी एवढंच म्हणाली, "आपले पाय आपल्याले दिसत नाईत बरोबर. दुसरीले दिसतेत." बोटांच्या सांध्यात, नखांच्या कडेला, टाचेच्या भेगांत, जिरेपर्यंत. आमच्या जथ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या आठजणी होत्या आणि कुणब्यांच्या टोलीतल्या चार. गावात ज्यांच्या माठाला आम्ही हात लावत नव्हतो, त्यांचे पाय इथे आमच्या मांडीवर होते आणि आमचे त्यांच्या. तेल लावता लावता बोलणं मंदावायचं. पावसाची झड कौलांवर वाजत असायची. माझे पाय तुळसाच्या मांडीवर आले होते. तिचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरत होता आणि मी अर्धवट झोपेत होते. इतकं सुख मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं, आणि ते घेताना आपण काय करून बसलोय हे मला माहीत होतं. तरी मी पाय काढले नाहीत.

तुळसाने बोटं नाकाशी नेली. "पातळ लागून राहिलं वो," ती म्हणाली. "माह्या तेलाले असा पातळपणा नसते."

"गाडीत तापलं असन," मावशी म्हणाली.

पहिले तीन दिवस मजेत गेले. रोवणा लावताना बाई मागे मागे सरकत जाते. पुढे पाणी असतं, पाण्यात आभाळ असतं, आणि तुम्ही त्या आभाळात एकेक पऱ्हा खोचत जाता. पाठीवर प्लास्टिकची खोळ, कमरेत वाकलेल्या बारा पाठी, कोणीतरी गाण्याची ओळ उचलायचं आणि ती रांगेच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत यायची. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावर, भाकर आणि जवसाची चटणी. मग पुन्हा चिखल, कोमट, मऊ, बोटांच्या मधून वर येणारा. माझी रांग वाकडी जायची तर मावशी चिडवायची, "मॅट्रिक झालेली रेघ पाहा बाप्पा." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. तुळसा न बोलता माझ्या वाट्याचे चार पऱ्हे सरळ करून पुढे जायची.

चौथ्या दिवशी एकीच्या बोटांमधली कातडी पांढरी पडली. पाचव्या दिवशी पाचजणींची. सहाव्या दिवशी मी सकाळी उठून पाय खाली टेकवला आणि पुन्हा वर घेतला. मालकिणीकडून मेहंदीचा पाला आणला, हळद लावली, निंबाच्या पाण्यात पाय बुडवले. मालकाचा गडी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घेऊन आला, तेही लावून बघितलं, तर मावशीच्या पायांवर फोड उठले. तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत सुजला. तिला ताप भरला. तरी ती पायाला पॉलिथिन गुंडाळून बांधीत उतरायची, कारण मुखी धुऱ्यावर बसली की गुत्ता संपला असं समजायचं. गाणी थांबली. वाकलेल्या पाठींमधून आता फक्त "माय वो" असं अधूनमधून ऐकू यायचं.

सातव्या संध्याकाळी बैठकीत कोणी कोणाचे पाय घेतले नाहीत. कुणब्यांच्या टोलीतली राधाबाई शिशी उजेडाकडे धरून म्हणाली, "हे टोरीचं तेल नाही. ह्याच्यात गोडं तेल हाय. वरणाचा वास येते." शिशी हातोहात फिरली. सगळ्यांनी हुंगलं. मग सगळ्यांनी तुळसाकडे बघितलं.

"तेल्यानं घोळ केला असन," तुळसा म्हणाली.

"तू तं तेथंच बसून राहते ना वो, पाणी प्यायले बी उठत नाही म्हणते?" राधाबाई म्हणाली. "मंग घोळ कोणं केला?"

इतकी वर्षं जी गोष्ट तुळसा मानाने सांगत आली होती, तिनेच तिला बांधून घातलं. मावशीने तापल्या डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. "कुसमे, शिशी तुह्याचजवळ होती ना?" "हो." "कोणाच्या हाती देल्ली होती का?" "नाही," मी म्हटलं. मावशीने मान हलवली आणि बायकांना म्हणाली, "पोट्टी शिकेल हाय. ते कायले खोटं बोलन?" ह्या एका वाक्याने मी सुटले आणि तुळसा अडकली. ती पोरीची शपथ घेऊन म्हणाली की तिने थेंबभरही काही मिसळलं नाही. एकीने एवढंच म्हटलं, एकट्या बाईले पोट असते, समजते आमाले. हे तर चोर म्हणण्यापेक्षा वाईट होतं. तुळसा उठून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर पडले होते. बोल, बोल, असं मी स्वतःला म्हणत राहिले आणि तोंडावर पदर ओढून पडून राहिले.

सकाळी उजाडलं तेव्हा तिची जागा रिकामी होती. गाठोडंही नव्हतं. मावशी म्हणाली, ती गावाले गेली, घरी गाडग्यात तेल ठेवेल हाय म्हणते, ते आणते आणि दाखवते म्हणते. "म्या म्हटलं नोको जाऊ, असे पाय घेऊन. आयकनच नाही." हे ऐकलं आणि मी बाहेर पडले. धुऱ्यांवरून धावता येत नव्हतं, पाय चिरलेले, तरी धावले. धुकं होतं, बांध्या पांढऱ्या दिसत होत्या, कुठे पाणी संपतं आणि कुठे आभाळ लागतं ते कळत नव्हतं. घाटावर तुळसा डोंग्याची वाट बघत दगडावर बसली होती. तिने पायांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि चिंध्यांतून लाल दिसत होतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माधुरी, वास, नळ, गवत, दुकान. बसमध्ये तिच्याकडे बोट केलं तेही. सांगताना मी रडत होते, आणि खरं बोलायचं तर रडता रडता मला हलकं वाटायला लागलं होतं. झालं, सांगितलं, आता ती रागावेल, एखादी थापड मारेल, मग जवळ घेईल, असं काहीतरी मनात होतं. पलीकडून डोंगा निघाला होता, पाण्यावर बांबूचा आवाज येत होता.

"मले कायले सांगतेस?" ती म्हणाली. "मले तं मालूमच हाय का म्या मिसळवलं नाही. ज्याईले मालूम नाही, त्याईले सांग."

"तुम्ही चला ना सोबत."

"मी कायले येऊ? ते तोंड तुहं हाय." मग डोंगा लागला. चढताना तिला पाय उचलेना, ढिवराने हात दिला. धुक्यात ती काही वेळ दिसली, मग नुसता बांबू वाजत राहिला.

त्या घाटापासून बांधीपर्यंतची वाट माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वाट आहे. पुढे मी शिक्षिका झाले, नोकरी पाहिली, दोन मरणं पाहिली, लेकीची गाठोडी बांधून तिला सासरी पाठवलं. पण पाय पुढे टाकावा आणि वाट सरू नये असं जर कधी वाटलं असेल तर तेव्हाच. परत पळून घरी जावं असंही मनात आलं. मधे एक पळसाचं झाड होतं, त्याला धरून मी बराच वेळ उभी होते. मग गेले. बायका वाकून रोवत होत्या, बाराजणींच्या जागी आता दहाजणी, मावशी मधोमध, पॉलिथिन गुंडाळलेल्या पायांनी. मी धुऱ्यावर उभी राहून बोलले. कोणाला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा बोलले. एकेक पाठ सरळ होत गेली. हातात पऱ्ह्याच्या पेंड्या, पेंड्यांतून पाणी गळतंय, आणि दहा चेहरे माझ्याकडे. मी म्हटलं, "तेल म्या बदललं. तुळसाबाईनं काई केलं नाही."

राधाबाईने नजर खाली केली, ती माझ्यामुळे नव्हे, आदल्या संध्याकाळच्या बोलण्यामुळे, हे मला तेव्हाही कळलं. मावशी हळूहळू माझ्याजवळ आली. मला वाटलं आता मारते. तिने माझ्या हातात पऱ्ह्याची पेंडी दिली. "उतर," ती म्हणाली. "तुळसाची वळ बी तूच लाव." दिवसभर मी दोन रांगा लावल्या. पाय आगीत ठेवल्यासारखे होते आणि मला ते बरं वाटत होतं. शिक्षा झाली की माणूस सुटतं असा माझा तेव्हा समज होता.

तुळसा तिसऱ्या दिवशी दुपारी आली. बसने, डोंग्याने, चालत, डोक्यावर गाडगं. गाडग्याच्या तोंडाला पळसाचं पान बांधलेलं. आधी ती मावशीकडे गेली. पायावरचं पॉलिथिन सोडलं, पाणी तापवून पाय धुतला, पुसला, आणि तेल लावत बसली. मावशी तिला म्हणाली, "पोट्टीनं सांगतलं सारं." तुळसा म्हणाली, "बरं केलं." राधाबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने तुळसाच्या चिंध्या सोडायला घेतल्या.

संध्याकाळी बैठक बसली. ऊन उतरताना कोठारात तांबूस उजेड आला होता आणि तेलाचा तो जड, जुना, आमचा वास सगळीकडे भरला होता. मला तो इतका गोड वाटला की मी खोल श्वास घेत होते. पुन्हा गोल झाला. एकीचे पाय दुसरीच्या मांडीवर. माझी जागा तुळसाच्या पुढे होती, पहिल्या दिवसासारखी. मी बसले, पाय धुतलेले होते, ते मी तिच्याकडे केले. तिने तेलाची वाटी उचलली आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवली.

"तुहे तू लाव," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. एखादीला मीठ दे म्हणावं तसं म्हणाली. मावशीने ऐकलं, मान वर केली नाही. गोलातल्या दुसऱ्या कोणी हात पुढे केला नाही, आणि कोणी माझ्याकडे टक लावूनही बघितलं नाही. त्या आपापल्या मांडीवरच्या पायांना तेल लावत राहिल्या, बोलणं हळूहळू सुरू झालं, कोणीतरी कशावर तरी हसलं. मी पाय पोटाशी ओढून घेतले. वाटीत बोटं बुडवली. मावशी म्हणाली होती ते खरं होतं, आपले पाय आपल्याला नीट दिसत नाहीत, वाकून वाकून बघावं लागतं. रोवणा संपेपर्यंत आणखी सहा दिवस लागले. सहाही संध्याकाळी मी त्या गोलात बसून माझ्या पायांना माझ्याच हातांनी तेल लावलं.